शाल-श्रीफळ नको, हक्काचे बोला!

निवडणूक जाहीर झाली की मुळशी तालुक्यात दोन माणसांचा शोध सुरू होतो. एक, ज्याच्या शब्दावर भावकी चालते तो; आणि दुसरा, गावातला फौजी. भावकीवाला मते आणतो म्हणून हवा असतो आणि फौजी मांडवाला शोभा आणतो म्हणून. पौडला, पिरंगुटला, घोटवड्याला, माणला सभा भरते. निवृत्त हवालदाराला, सुभेदाराला पहिल्या रांगेत बसवले जाते. निवेदक त्याच्या पदकांची नावे चुकीची वाचतो. उमेदवार त्याच्या खांद्यावर शाल टाकतो, हातात नारळ देतो, फोटो निघतो. मग उमेदवाराचे भाषण सुरू होते. त्यात सीमा असते, शत्रू असतो, तिरंगा असतो. नसतो तो एकच विषय : समोर बसलेल्या त्या माणसाची पेन्शन आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या.

सभा संपल्यावर तो फौजी शाल घडी करून घरी जातो. घरात अशा शालींची चळत असते. माजी सैनिकांच्या मनात आज सर्वच पक्षांच्या उमेदवारांविषयी जी चीड आहे, ती या चळतीतून आलेली आहे. ही चीड समजून घेणे चळवळीच्या वाचकांना अवघड जाऊ नये, कारण सैनिकाची पेन्शन आणि आपली चळवळ यांचे नाते रक्ताचे आहे.

इतिहास काय सांगतो? गावगाड्यात महाराच्या वाट्याला होते ते वतन. वतन म्हणजे रात्रंदिवस राबायचे, सांगावे पोहोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची आणि त्या बदल्यात दारोदार फिरून भाकरी मागायची. त्या गावगाड्याबाहेर पडायची पहिली मोठी वाट होती पलटणीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत महार मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाच्या लढाईत ते लढले आणि तिथल्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरली गेली. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाला दरमहा रोख पेन्शन मिळे. ही रक्कम पाटलाच्या कृपेने येत नव्हती, ती कोणाच्या उंबऱ्याशी हात पसरून घ्यावी लागत नव्हती. अस्पृश्याच्या घरात आलेला तो पहिला असा पैसा होता, की जो घेताना मान खाली घालावी लागत नव्हती. पलटणीत मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले, लष्करी शाळेत त्यांनी शिकवले, आणि निवृत्तीनंतर त्याच पेन्शनच्या आधारावर मुलांच्या शिक्षणाचा हट्ट धरला. सुभेदाराची पेन्शन बंद पडली असती तर भीमरावाचे शिक्षण कुठे थांबले असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

म्हणून पेन्शन हा आमच्या दृष्टीने केवळ हिशेबाचा विषय नाही. ती स्वाभिमानाची भाकरी आहे.

ही भाकरी हिसकावण्याचा प्रयत्नही तेव्हाच झाला. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी वाटणी करून इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांनी राज्य उभे करायला खांदा दिला, ते एका फटक्यात नालायक ठरले. याविरुद्ध पहिला आवाज उठवला तो माजी सैनिकानेच. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ साली सरकारकडे अर्ज केला आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. मागणी साधी होती : लष्करात आणि पोलिसांत पुन्हा घ्या. दाद मिळाली नाही. पहिले महायुद्ध पेटले, माणसांची चणचण भासू लागली, तेव्हा मात्र १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडून टाकण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो!

त्याच १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यात काय चालले होते? टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली चालल्या होत्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पेटला होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, खोऱ्याला विस्थापन मिळाले. सरकारला आणि भांडवलदाराला गरज असते तोवर गोड बोलले जाते आणि गरज संपली की पाठ फिरवली जाते, हा धडा या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. इथल्या माजी सैनिकाला तो पुन्हा शिकवायची गरज नाही.

पुढे काय झाले? अर्जांनी जे झाले नाही ते सत्तेच्या जागेवर बसल्यावर झाले. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी तिथे आग्रह धरला, आपल्या तरुणांना भरतीचे आवाहन केले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. या रेजिमेंटने पुढे देशाला दोन लष्करप्रमुख दिले, श्रीलंकेत १९८७ साली धारातीर्थी पडलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या रूपाने परमवीरचक्र मिळवले. या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट घेतो. मागणी खरी असली म्हणून पुरत नाही; मागणीच्या मागे उभी राहणारी ताकद लागते. मागणारा विनवणी करत राहिला तर त्याला शाल मिळते. मागणारा हिशेब मागू लागला तर त्याला हक्क मिळतो.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. ‘वन रँक वन पेन्शन’ म्हणजे काय, हे गावातल्या चावडीवर सोप्या भाषेत सांगायला हवे. एकच हुद्दा, तेवढीच वर्षे नोकरी, तर पेन्शनही तेवढीच. मग माणूस १९८० साली निवृत्त झालेला असो की २०१० साली. यात अवघड काय आहे? तरी ही साधी गोष्ट पदरात पडायला चार दशके लागली. १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर आपली पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्म्यावर आणली गेली, हे माजी सैनिक संघटनांचे जुने दुखणे. त्यात जवान निवृत्त होतो तो ऐन पस्तिशी-चाळिशीत. मुले शाळेत असतात, घर बांधायचे असते, आईबाप थकलेले असतात. बाबूची नोकरी साठीपर्यंत चालते. जवानाला ऐन भरात घरी पाठवले जाते. ही विषमता ज्यांना दिसली नाही असा एकही पक्ष नाही आणि ती दूर करण्याचे वचन दिले नाही असाही एकही पक्ष नाही.

वचनांचा हा पंचनामाच पाहा. २०११ साली भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने ही मागणी मान्य करावी अशी शिफारस केली. सरकार हलले नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये हरियाणातील रेवाडी येथे माजी सैनिकांची प्रचंड सभा झाली आणि पंतप्रधानपदाचे तेव्हाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांनी हा प्रश्न उचलला. मग सत्ताधारी काँग्रेसलाही जाग आली. निवडणूक तोंडावर असताना, फेब्रुवारी २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात ५०० कोटींची तरतूद करून योजना जाहीर झाली. सरकार बदलले. वर्ष गेले, आदेश निघाला नाही. १५ जून २०१५ पासून म्हातारे सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांची धरपकड, ओढाताण केली. छातीवर पदके असलेल्या ज्येष्ठांचे शर्ट फाटले, ते चित्र देशाने पाहिले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी घोषणा झाली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला. १ नोव्हेंबर २०१६ रोजी हरियाणातील एका निवृत्त सुभेदाराने याच प्रश्नावर दिल्लीत विष घेऊन जीव दिला. तेव्हाही नेत्यांची रीघ लागली; ती गाठोडी उघडून पाहिली तर आत पुन्हा भाषणेच होती.

आदेशात म्हटले होते की दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरवली जाईल. ती १ जुलै २०१९ पासून ठरायला हवी होती. ठरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ रोजी योजनेला घटनात्मक दोष नाही असे सांगितले, पण २०१९ पासूनची फेररचना तीन महिन्यांत करा, असे बजावले. तीन महिन्यांचे नऊ महिने झाले. मंत्रिमंडळाची मंजुरी आली २३ डिसेंबर २०२२ ला. पंचवीस लाखांहून अधिक लाभार्थी आणि २३ हजार ६३८ कोटींची थकबाकी, असे सरकारनेच सांगितले. म्हणजे एवढी रक्कम म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या खात्याबाहेर साडेतीन वर्षे राहिली. ती हप्त्यांत द्यायची की एकरकमी, यावरून मार्च २०२३ मध्ये पुन्हा न्यायालयाला वेळापत्रक आखून द्यावे लागले. सत्तरीच्या पुढच्यांना आधी द्या, विधवांना आधी द्या, हे न्यायालयाने सांगावे लागते! ज्यांना ‘राष्ट्राचा अभिमान’ म्हणायचे त्यांच्या वयाचा विचार करायला सरकारला न्यायाधीश लागतात, यापेक्षा मोठी शोकांतिका कोणती?

यातही एक वर्णव्यवस्था आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. सातव्या वेतन आयोगाने लष्करी सेवेच्या खडतरपणाबद्दल जो सेवा भत्ता ठरवला, तो अधिकाऱ्याला महिना १५ हजार ५०० आणि जवान व जेसीओंना ५ हजार २००. सियाचीनची थंडी हुद्दा पाहून वाजत नाही आणि गोळी फीत पाहून लागत नाही. मग खडतरपणाची किंमत तिप्पट कशी? हाच सवाल घेऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये जवान आणि जेसीओ दर्जाचे माजी सैनिक जंतरमंतरवर वेगळे बसले. आपल्या वस्त्यांतून फौजेत गेलेली बहुतेक पोरे याच खालच्या पायऱ्यांवर असतात. दूरचित्रवाणीवर माजी सैनिकांच्या नावाने बोलायला मात्र निवृत्त जनरल बसतात. जवानाचे दुखणे जवानाच्या तोंडून ऐकायची सवय अजून या देशाला लागायची आहे.

पेन्शनइतकाच, किंबहुना म्हातारपणी त्याहून मोठा प्रश्न दवाखान्याचा. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. लोक तिला ईसीएचएस म्हणतात. पेन्शनर सैनिकाने एकदाच वर्गणी भरायची आणि त्याला, त्याच्या पत्नीला, अवलंबून असणाऱ्यांना आयुष्यभर उपचार मिळायचे. २०१७ च्या अखेरीस ही वर्गणी जवान ते हवालदार यांच्यासाठी ३० हजार, जेसीओंसाठी ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार करण्यात आली. योजनेच्या नावातच ‘अंशदायी’ आहे, हे उमेदवारांनी नीट वाचावे. ही खैरात नाही. निवृत्तीच्या दिवशी सैनिकाने स्वतःच्या कष्टाच्या पैशातून भरलेली ही वर्गणी आहे.

पण कार्ड खिशात असणे आणि औषध हातात पडणे यांत मुळशीचा अख्खा घाट आहे. सुरुवातीला देशभर २२७ पॉलिक्लिनिक मंजूर झाली, २०१० मध्ये आकडा चारशेच्या वर नेण्यात आला. पुणे जिल्ह्याचा विचार केला तर लष्कराचे मोठे दवाखाने आहेत ते वानवडीत, खडकीत, छावणीच्या अंगाने. आता ताम्हिणीच्या अंगाच्या एखाद्या गावातला सत्तरीचा निवृत्त नाईक डोळ्यांपुढे आणा. त्याला मधुमेह आहे. गोळ्यांसाठी पहाटे निघायचे, एसटी धरायची, पौड, पिरंगुट, भुगाव करत चांदणी चौकाच्या कोंडीतून पुण्यात शिरायचे. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर प्रवास. तिथे रांग. रांगेनंतर डॉक्टर, डॉक्टरनंतर औषधांची खिडकी, आणि खिडकीवर उत्तर : ‘ही गोळी शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात या.’ एका गोळीसाठी दोन दिवस मोडायचे की गावच्या मेडिकलमधून पदरचे पैसे टाकून घ्यायची? बहुतेक जण पदरचे पैसे टाकतात. काही जण गोळीच सोडतात. म्हातारीला एकटीने हा प्रवास जमत नाही. म्हणून सैनिकाच्या विधवेचे कार्ड ट्रंकेतच राहते.

औषधांच्या तुटवड्याची ही तक्रार केवळ आमची नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये या योजनेची तपासणी करून अहवाल दिला, त्यातही औषधांच्या टंचाईवर बोट ठेवले आहे. पुढचा टप्पा खासगी रुग्णालयाचा. पॉलिक्लिनिकने चिठ्ठी दिली की यादीतल्या रुग्णालयात बिनापैशांचे उपचार मिळायला हवेत. पण सरकारकडून बिले वेळेवर मिळत नाहीत म्हणून रुग्णालये हात आखडतात, आणि त्याचा जाब दारात उभ्या असलेल्या रुग्णाला द्यावा लागतो. सरकार आणि रुग्णालय यांच्या भांडणात सैनिकाची अँजिओप्लास्टी लांबते. हा कुठला न्याय?

ज्याला पेन्शनच नाही त्याचे काय? किमान पंधरा वर्षे सेवा झाली नाही तर जवानाला सेवेची पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही तर जवानाला ईसीएचएसही नाही. अशा माजी सैनिकाला उरते ते पौडचे ग्रामीण रुग्णालय आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना. म्हणजे देशासाठी बंदूक धरलेला माणूस आणि कधीच न धरलेला माणूस एकाच रांगेत. त्या रांगेबद्दल आमची तक्रार नाही. रांगेच्या टोकाला डॉक्टर नसतो, ही तक्रार आहे. सरकारी दवाखाना धड असता तर फौजीचेही भले झाले असते आणि शेतमजुराचेही.

भरीस भर म्हणून कागदपत्रांचा छळ. पेन्शन बँकांकडून काढून ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय यंत्रणेकडे नेण्यात आली. हयातीचा दाखला वेळेत नोंदला गेला नाही म्हणून एप्रिल २०२२ ची पेन्शन ५८ हजारांहून अधिक निवृत्तांच्या खात्यात वेळेवर पडली नाही. ओरड झाल्यावर मे महिन्यात ती जमा झाली. जिवंत माणसाने आपण जिवंत असल्याचे संगणकाला पटवून द्यायचे! मुळशी धरणाच्या पाठच्या वाड्यांमध्ये, जिथे मोबाईलला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते, तिथल्या विधवेने अंगठ्याचा ठसा कुठे उमटवायचा? शेतात झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. आणि अपंगत्वाच्या पेन्शनवरून सरकारशी वाद झाला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत. तिथपर्यंत जायला वकील आणि पैसा कुणी द्यायचा?

हे सर्व प्रश्न कमी होते म्हणून जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी. त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम होणार, उरलेले घरी. जाताना सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख, त्यातही स्वतःच्या पगारातून कापलेला निम्मा वाटा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे भरतात ती २०२६ च्या अखेरीपासून. मुळशीच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी, भरतीची स्वप्ने पाहणारी जी पोरे दिसतात, ती चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी गावात परत येणार. येऊन काय करणार? बापजाद्यांची जमीन कधीच हिंजवडीच्या आणि फार्महाऊसवाल्यांच्या घशात गेली. भूमिहीनाच्या पोराला तर ती नव्हतीच. मग हा फौजी एखाद्या कंपनीच्या फाटकावर काठी घेऊन उभा राहणार, की जमिनीच्या दलालाचा पहिलवान होणार? १९२१ साली १११ महार पलटण मोडून जवानांना घरी पाठवले गेले, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे. फरक इतकाच की तेव्हा एका जातीची पलटण मोडली, आता सर्व जातींच्या गरिबांची पेन्शन मोडली जात आहे. सुभेदार रामजींच्या पेन्शनने एक पिढी शिकवली. अग्निवीराच्या घरातली पुढची पिढी कशावर शिकणार?

मग उमेदवारांचे काय करायचे? माजी सैनिकांपैकी अनेक जण म्हणतात, ‘आम्ही मतदानच करणार नाही.’ ही चीड आम्हाला समजते. पण हा मार्ग आम्हाला मान्य नाही. मत न देणाऱ्याची भीती कोणत्याच पुढाऱ्याला वाटत नाही. बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला तो घरी बसण्यासाठी नाही. शिवाय उमेदवारांचा एक हिशेब आपण ओळखला पाहिजे. मुळशी तालुका २००९ पासून भोर विधानसभा मतदारसंघात आहे, लोकसभेला बारामतीत. डोंगर-दऱ्यांत पसरलेल्या या मतदारसंघात माजी सैनिक एका गावात चार घरे, दुसऱ्यात दोन, असे विखुरलेले आहेत. विखुरलेल्या मतांना शाल पुरते, असे उमेदवार धरून चालतो. तो चुकतो आहे हे त्याला दाखवून द्यायचे तर एका फौजीमागे त्याचे घर, त्याची भावकी आणि भरतीची तयारी करणारी त्याच्या वस्तीतली पोरे उभी राहिली पाहिजेत.

आणि दुसरी गोष्ट. ज्याच्या हातात जे आहे तेच त्याला विचारायचे. उमेदवारांची पळवाट ठरलेली असते. ग्रामपंचायतीचा उमेदवार म्हणतो, ‘ते दिल्लीचे काम आहे.’ लोकसभेचा उमेदवार म्हणतो, ‘ते तहसील पातळीवर बघा.’ ही पळवाट बंद करायची असेल तर प्रश्नांची वाटणी आपणच करून ठेवली पाहिजे.

लोकसभेच्या उमेदवाराला विचारा : पेन्शनची पुढची फेररचना ठरलेल्या तारखेला व्हावी म्हणून तुम्ही संसदेत काय कराल? मुळशी, भोर, वेल्हे या डोंगरी तालुक्यांसाठी ईसीएचएसचे फिरते पथक आठवड्यातून एकदा पौडला यावे म्हणून संरक्षण मंत्रालयाकडे लेखी मागणी कराल का? जवान आणि अधिकारी यांच्या सेवा भत्त्यातील तफावतीवर तुमच्या पक्षाची भूमिका काय? अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा आणि उपचार मिळावेत याला तुमचा होकार की नकार?

विधानसभेच्या उमेदवाराला विचारा : राज्याच्या नोकऱ्यांतील माजी सैनिकांच्या समांतर आरक्षणाच्या जागा का भरल्या जात नाहीत? त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याच्या किती जागा रिकाम्या राहिल्या, हे तुम्ही विधानसभेत विचाराल का? सैनिकांना शेतीसाठी सरकारी जमीन देण्याचे नियम १९७१ पासून आहेत. ज्या तालुक्यात बिल्डरला डोंगर मिळतो तिथे सैनिकाच्या अर्जाला जमीन का सापडत नाही? पौडच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरची पदे भरलेली का नसतात?

जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला विचारा : माजी सैनिक आणि सैनिक विधवांना घरपट्टीतून सूट देणारी योजना राज्याने २०२० साली आणली, आपल्या गावात ती किती घरांना लागू झाली? प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या बारा महिने असतील का? हयातीचा दाखला म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन करून देण्याची सोय तुम्ही कराल का? ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जो निधी दरवर्षी गोळा होतो, त्यातून आपल्या तालुक्यातल्या किती कुटुंबांना मदत झाली, याचा हिशेब जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आणून चावडीवर वाचाल का?

हे प्रश्न कागदावर लिहा. उमेदवाराची सही घ्या. जो सही करील त्याचा कागद जपून ठेवा आणि वर्षाने तोच कागद घेऊन त्याच्या दारात जा. जो सही करणार नाही त्याचे उत्तर मिळालेच आहे. निळा झेंडा घेऊन येणाऱ्या उमेदवारालाही यातून सूट नको. आपला माणूस म्हणून त्याला प्रश्न कमी नव्हेत, दोन जास्तच विचारले पाहिजेत. कारण पेन्शनचे मोल ज्याच्या घराण्याला कळले, त्यालाच त्याचा विसर पडला तर बोलायचे कुणाशी?

वस्तीतल्या तरुणांवर यात एक काम येते. आपल्या वस्तीत निवृत्त जवान किती, सैनिकांच्या विधवा किती, कुणाचे ईसीएचएस कार्ड बनले नाही, कुणाच्या पेन्शन-आदेशात नावाची वा जन्मतारखेची चूक आहे, कुणाची थकबाकी अडली, याची एक वही करा. एवढी एक वही तयार झाली की उमेदवाराला भाषण बदलावे लागेल, कारण समोर बसलेल्या माणसांना त्याच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. विहारात दर पौर्णिमेला लोक जमतातच. त्यातला अर्धा तास या कामाला द्या. म्हाताऱ्या माईचा अंगठा यंत्रावर उमटवून देणे, तिला पॉलिक्लिनिकपर्यंत सोबत करणे, हेही चळवळीचेच काम आहे.

दर १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने कोरेगाव भीमाला जातो, स्तंभाला मानवंदना देतो. ती दिलीच पाहिजे. पण स्तंभावरची नावे दगडात आहेत, त्यांना आता भूक नाही, आजार नाही. मुळशीच्या वाडी-वस्तीवर जी नावे अजून हाडामांसाची आहेत, त्यांना गोळ्या हव्यात, थकबाकी हवी, माणसासारखी वागणूक हवी. या वेळी उमेदवार शाल घेऊन पुढे आला तर फौजी बांधवांनी ती नम्रपणे परत करावी आणि खिशातला प्रश्नांचा कागद त्याच्या हातात ठेवावा. सत्काराची परतफेड मताने करायची नसते. मत हे उत्तराच्या बदल्यात द्यायचे असते.